बोक्याची साखर

साखरेची गोडी ज्याला जन्मात कधी कळत नाही, अशा प्राण्याला साखरेचाच रोग जडावा, हा सृष्टीतला एक अजब प्रकार म्हटला पाहिजे. मांजराच्या जिभेला गोड चव नाही. गोडीची जाणीव करून देणाऱ्या जनुकांपैकी एक त्याच्या कुळात पार निकामी झालेले आहे, असे शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले. वाघ आणि चित्ता हे त्याचे थोरले भाऊबंदही त्यातून सुटलेले नाहीत. श्रीखंडाच्या पातेल्यात तोंड घालणारा बोका साखरेसाठी तसे करीत नसतो. त्याला ओढ असते ती चक्क्यातल्या स्निग्धांशाची. तरीही आमच्या घरच्या बोक्याला गेल्या आषाढात मधुमेह निघाला, आणि पुढचे कित्येक महिने आमच्या घराचे घड्याळ त्याच्या तंत्राने चालले.

या सदरात आम्ही सहसा ग्रंथ, शब्द आणि शाळा यांविषयी लिहितो. या खेपेस बोक्याविषयी लिहीत आहोत, त्याला कारण आहे. ही वार्ता सुलतान बाजारापासून बरकतपुऱ्यापर्यंतच्या आमच्या परिचितांत पसरली, तेव्हा ज्याने त्याने एकच प्रश्न केला : "मांजराला कुठे शुगर होते का?" (हैदराबादेत 'मधुमेह' हा शब्द पुस्तकात राहतो, बोलण्यात मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही घरांत तो 'शुगर'च असतो.) होते. फार मांजरांना होत नाही. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत हे प्रमाण शंभरांत एकाहूनही कमी आढळले आहे. पण ज्याच्या घरी होते त्याच्या हाताशी मराठीत लिहिलेले काही नसते, आणि पहिला आठवडाच निर्णयाचा असतो. म्हणून हा खटाटोप.

आमचा बोका नऊ वर्षांचा आहे. रंग पिवळा, अंग ऐसपैस, चालण्यात जुन्या हवेलीच्या धन्याची ऐट. म्हणून नाव नवाब. नर असणे, खच्चीकरण झालेले असणे, वय उताराला लागणे आणि वजन वाढणे, या चार गोष्टी मांजराच्या मधुमेहाला पोषक ठरतात. नवाबाकडे चारही होत्या. स्वादुपिंड इन्शुलिन तयार करते, पण स्थूल देहातल्या पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड अधिक राबते आणि शेवटी थकते. माणसाला प्रौढपणी होतो त्याच जातीचा हा बहुधा रोग. फरक एक आहे आणि तो मोठा आशादायक आहे. मांजराच्या थकलेल्या स्वादुपिंडाला वेळीच विसावा मिळाला, तर पुष्कळदा ते काही महिन्यांत पुन्हा कामाला लागते आणि सुई बंदही करता येते. सगळ्यांच्या बाबतीत असे घडत नाही. पण ज्यांच्या बाबतीत घडते, त्यांच्यावर उपचार बहुधा लवकर आणि नेटाने झालेले असतात. पहिल्या आठवड्याला आम्ही निर्णयाचा म्हणतो तो यासाठी.

रोगाची चाहूल पाण्यापासून लागते. मांजर हा मूळचा वाळवंटाकडचा प्राणी. पाण्याची त्याला फारशी मातब्बरी नसते. चार किलोंचे मांजर दिवसाकाठी पाव लिटरहून अधिक पाणी पिऊ लागले, तर समजावे की काही तरी बिनसले आहे. नवाब न्हाणीघरातल्या बादलीच्या काठावर चढून लपलप पिऊ लागला. त्याच्या वाळूच्या परातीत नेहमीच्या दुप्पट ढेकळे निघू लागली आणि परातीभोवती मुंग्यांची रांग लागली. आपल्या प्राचीन वैद्यांनी मधुमेह ओळखला तो मूत्राला लागणाऱ्या मुंग्यांवरूनच. दोन हजार वर्षांपूर्वीची ती परीक्षा आमच्या मागच्या अंगणात पुन्हा उतरली. खाणे वाढले आणि वजन मात्र सहा किलोंवरून पाचाच्या खाली आले. पुढे मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून तो चालू लागला. मांजर चवड्यांवर चालते; ते असे टाचांवर आले, की साखरेने पायांच्या नसा दुखावल्या आहेत असे समजावे. साखर आटोक्यात आली की पुष्कळ मांजरांची चाल हळूहळू सुधारते.

येथे थोडे विषयांतर. आमच्या राजेंद्रनगरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाला पी. व्ही. नरसिंह राव यांचे नाव आहे. नरसिंह रावांना मराठी उत्तम येत असे, आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. मुक्या प्राण्यांच्या विद्यापीठाला या कादंबरीच्या अनुवादकाचे नाव लाभावे, यात आम्हांला एक वेगळेच औचित्य दिसते. आमच्या घरी लक्षात घेतले ते आमच्या मातोश्रींनी. त्या ऐंशीच्या घरात आहेत आणि बारा वर्षांपासून स्वतः इन्शुलिन घेतात. टाचांवर चालणारा बोका पाहताच त्या म्हणाल्या, "अरे, याला माझंच दुखणं झालंय. उद्या दवाखान्यात ने."

दवाखान्यात बोक्याची साखर चारशेच्या वर निघाली. पण मांजराच्या बाबतीत एवढ्यावर निदान करता येत नाही. टोपलीत कोंडलेले, रिक्षातून हादरत आलेले आणि कुत्र्यांच्या भुंकण्याने भेदरलेले मांजर निव्वळ भीतीने आपल्या रक्तातली साखर दोनशे-तीनशेपर्यंत चढवू शकते. म्हणून जाणता डॉक्टर लघवीतली साखरही पाहतो आणि फ्रुक्टोसमिन नावाची रक्ताची तपासणी करवून घेतो. तिच्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या साखरेची सरासरी उमटते. घटकाभराच्या घाबरण्याने ती फसत नाही. तहान मूत्रपिंडाच्या विकाराने आणि गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या अतिरेकानेही वाढते, तेव्हा त्यांचाही निकाल लावून घ्यावा. शहरात नारायणगुड्याला सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, राजेंद्रनगरला महाविद्यालय आहे, आणि खाजगी दवाखाने तर आता गल्लोगल्ली झाले आहेत; ज्याला जे जवळ पडेल ते त्याने पाहावे.

निदान झाल्यावर सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. मांजरच ते, असे पुष्कळांनी म्हटले. एका स्नेह्यांनी तर बेगम बाजारच्या मासळी बाजारात त्याला सोडून येण्यास सुचविले. खाऊन-पिऊन सुखी राहील, ही वर मखलाशी. या सुखाचे स्वरूप काय ते सांगितले पाहिजे. इन्शुलिनवाचून शरीराला साखर वापरता येत नाही, म्हणून ते आपली चरबी जाळू लागते. त्या जळण्यातून केटोन नावाची आम्ले रक्तात साठतात. मग ओकाऱ्या, अन्नावरची वासना उडणे, ग्लानी आणि मृत्यू. मासळीच्या ढिगाशेजारी उपाशी मरण्यासारखेच ते. मधुमेही मांजराने खाणे सोडले, ते वारंवार ओकू लागले आणि मलूल पडले, तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्यावे, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आम्हांला त्या सल्ल्याचा राग आला नाही. आमच्या पगारात आणि मातोश्रींच्या औषधपाण्यात बोक्याचे औषध बसवायचे कसे, हा हिशेब आम्हीही मांडला होता. पण आमचा निर्णय दुसऱ्या एका हिशेबाने झाला. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून पाहिले, तेव्हा मधुमेहाचे मूळ कोठे आहे ते मनुष्याला कळले. १९२१ साली टोरोंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले तेही कुत्र्यांवर प्रयोग करून. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्यानंतर साठ वर्षे जगभरच्या रोग्यांनी जे इन्शुलिन घेतले, ते कत्तलखान्यांतल्या गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढलेले होते. मातोश्रींच्या बारा वर्षांमागे एवढ्या मुक्या जिवांचे देणे आहे. त्यांपैकी एकाला दोन वेळची सुई देण्यात आपण उपकार करीत आहोत, असे आम्हांला वाटेना.

आता प्रत्यक्ष व्यवहार. वाचकांपैकी ज्यांच्या घरी माणूस आणि मांजर दोघेही इन्शुलिनवर असतील, त्यांनी पुढचा मजकूर दोनदा वाचावा.

आपल्या देशात इन्शुलिनच्या कुप्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट ही एक, आणि १०० युनिट ही दुसरी. सिरिंजही त्यांप्रमाणे दोन : चाळीसची लाल टोपणाची आणि शंभरची नारिंगी टोपणाची. मातोश्रींचे इन्शुलिन चाळीसचे, दुधट दिसणारे. बोक्याला डॉक्टरांनी दिले ते ग्लार्जिन, शंभरचे, पाण्यासारखे स्वच्छ. आरंभीचा डोस एका वेळी एक युनिट. आता शंभरच्या कुपीतले औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरले, तर त्यात एक नव्हे, अडीच युनिट येतात. पाच किलोंच्या जिवाला हा फरक प्राणावर बेतणारा आहे. उलट चाळीसचे औषध नारिंगी सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरले, तर जेमतेम ०.४ युनिट भरते आणि औषध लागूच पडत नाही. आम्ही फ्रीजमध्ये दोन स्वतंत्र डबे केले. वरच्या कप्प्यात पितळी डब्यात मातोश्रींचे, खालच्या कप्प्यात शाळेच्या जुन्या खडूच्या पेटीत बोक्याचे. प्रत्येकात त्याची कुपी आणि त्याच रंगाच्या सिरिंजा. बोक्याची पेटी आमच्यावाचून कोणी उघडायची नाही, असा दंडक घातला. मुख्याध्यापकी हुकूम घरात फारसे चालत नाहीत, हा चालला.

एक-अर्धा युनिट नेमके मोजण्यासाठी ३० युनिटांची बारीक सिरिंज, अर्ध्या-अर्ध्या रेघांची, मिळाली तर ती घ्यावी. दहा मिलिलिटरच्या कुपीत हजार युनिट असतात आणि बोक्याला महिन्याला साठ लागतात. कुपी उघडल्यावर कंपनीने दिलेली मुदत मात्र २८ दिवसांची. तेव्हा तीन मिलिलिटरचे कार्ट्रिज घेणे किफायतीचे पडते का, ते डॉक्टरांना विचारावे. औषध फ्रीजच्या मधल्या भागात ठेवावे. दारात ठेवल्यास उघडझापीचा ताप होतो आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास ते कायमचे वाया जाते. आमच्याकडच्या वैशाखात तर ते क्षणभरही ओट्यावर विसरता कामा नये.

टोचणे हे भीतीदायक वाटते तितके अवघड नाही. मांजराची कातडी सैल असते. बरगड्यांच्या बाजूला ती दोन बोटांनी उचलली की लहानशी राहुटी उभी राहते. तिच्या पायथ्याशी सुई घालायची, औषध सोडायचे, काढून घ्यायची. एके दिवशी डावी कूस, दुसऱ्या दिवशी उजवी. मांजर ताटलीत तोंड घालून बसलेले असताना हे उरकावे. पुष्कळदा त्याला पत्ताही लागत नाही. आम्ही सकाळचे सात आणि संध्याकाळचे सात ठरविले, कारण शाळेची घंटा आणि बातम्या यांच्यामधून तेवढेच मोकळे सापडले. मांजराने खाल्ले नाही तर पूर्ण डोस देऊ नये, डॉक्टरांना विचारावे. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. आणि सुई नीट लागली की औषध केसांतच सांडले अशी शंका आली, तर पुन्हा टोचू नये. एक वेळ साखर चढलेली चालते, उतरलेली चालत नाही. या शेवटच्या नियमासाठी आम्ही वही घातली. तारीख, वेळ, किती खाल्ले, किती टोचले आणि टोचणाऱ्याची सही. हजेरीपत्रक भरण्यात आमचा जन्म गेला. पण हे एक हजेरीपत्रक असे होते, की ज्यात 'गैरहजर' लिहिण्याची सोय नव्हती.

खरी पंचाईत अन्नाची. मराठी घरातले मांजर म्हणजे दूधभात हे समीकरण आहे. पिढ्यान्‌पिढ्या ते चालले, कारण ती मांजरे रात्री उंदीर मारून उरलेली गरज भागवीत असत. गच्चीखाली न उतरणाऱ्या आजच्या मांजराला भात हा भारच होतो. मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे; पिष्ट पदार्थांचा निकाल लावण्याची त्याच्या यकृताची तयारी तोकडी असते. दुकानातल्या कोरड्या खाद्याच्या गोळ्यांतही पिष्ट बरेच असते. डॉक्टरांनी सांगितले : भात बंद, पोळी बंद, कोरडे दाणे बंद, डब्यातले ओले खाद्य, नाही तर उकडलेली कोंबडी.

आमच्या घरात मांस शिजत नाही. शिजवायचे कोणी, कोठे आणि कशात, यावर दोन दिवस घरात मौन होते. ते मोडले शेजारच्या खालांनी. आमच्या आणि त्यांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि नवाबाचे निम्मे आयुष्य त्या भिंतीवर गेले आहे. त्या त्याला 'नवाबमियाँ' म्हणतात. पैगंबरांच्या एका सोबत्याचे नावच अबू हुरैरा, म्हणजे मांजरीच्या पिलाचा बाप, असे पडले होते, हे आम्हांला त्यांनीच पूर्वी सांगितले होते. त्या भिंतीपाशी येऊन म्हणाल्या, "मास्टरसाब, हमारे यहाँ रोज हंडी चढती. उसका अलग निकाल के रखूँगी, बिना नमक-मिर्च का." आम्ही मातोश्रींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "षष्ठीदेवीचं वाहन आहे ते. तिनं त्याला भाताचं पोट दिलं नाही, त्याला आपण काय करणार? डबा मात्र मागच्या दारानं येऊ दे." तेव्हापासून रोज सकाळी झाकणाचा डबा भिंतीवरून येतो. पैसे घेण्यास खालांनी साफ नकार दिला. महिनाअखेर आमच्याकडून पुरणपोळ्या जातात. हिशेब अद्याप बरोबरीत आलेला नाही.

या कोंबडीबाबत तीन गोष्टी. कांदा-लसूण मांजराला विषासमान आहेत, त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात; म्हणून घरच्या रश्श्यातले तुकडे धुऊन देणे उपयोगाचे नाही. दुसरे, टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराला अन्नातून मिळावेच लागते. ते न मिळाल्यास डोळे आणि हृदय दोन्ही जातात. मांस उकडताना ते पाण्यात उतरते, म्हणून ते पाणीही द्यावे, आणि नुसत्या मांसाने चुन्याची व इतर उणीव राहते ती भरून काढणारी पूड डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. तिसरे, भात तोडल्याबरोबर साखर झपाट्याने उतरते. मांजर आधीच इन्शुलिनवर असेल, तर अन्न बदलण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून डोस ठरवून घ्यावा. आणि लठ्ठ मांजराला वजन उतरविण्यासाठी एकादशी घडवू नये. दोन-चार दिवसांच्या उपाशीपणाने त्याच्या यकृतात चरबी साचते आणि ते आणखी एका प्राणघातक रोगात सापडते.

घरी साखर तपासण्याने आमचे निम्मे हेलपाटे वाचले. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने कान शेकायचा, मागे कापसाचा बोळा धरायचा, टोचायचे. राईएवढा थेंब पुरतो. मातोश्रींचेच ग्लुकोमीटर आम्ही वापरले. मात्र माणसाचे यंत्र मांजराची साखर बहुधा असते त्यापेक्षा कमी दाखविते. डॉक्टरांना आकडा सांगताना यंत्र कोणते तेही सांगावे. एके रविवारी सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर दोन तासांनी थेंब घेऊन आम्ही आलेख काढला. औषधाचा जोर केव्हा चढतो, किती वेळ टिकतो आणि सर्वांत खाली आकडा कोठे जातो, हे त्यावरून कळते. निव्वळ एका आकड्यावरून स्वतःच्या बुद्धीने डोस वाढविण्याचा मोह कोणी धरू नये. औषध अंगी लागायला पाच-सात दिवस द्यावे लागतात.

अमेरिकेतल्या आमच्या पुतणीने मध्यंतरी कळविले, की तिकडे आता मांजरासाठी तोंडाने देण्याची औषधे निघाली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये एकाला आणि २०२३ मध्ये दुसऱ्याला तिथल्या सरकारची मान्यता मिळाली. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी ही औषधे आहेत. सुई टळते ही मोठीच सोय. पण आधी इन्शुलिन घेतलेल्या मांजरासाठी ती नाहीत, आणि साखर ठीक दिसत असतानाही केटोन वाढण्याचे भय त्यांत असते. नवाबाला त्यांचा उपयोग नव्हता.

कार्तिकातल्या एका रात्री अकराच्या सुमारास तो दिवाणखान्यात आला तो झुलत. मागचे पाय आडवेतिडवे पडत होते. भिंतीला धडकला, बसला, आणि मान एका बाजूला कलती झाली. कानाचा थेंब घेतला. यंत्राने ४१ दाखविले. मांजराची साखर साठच्या खाली गेली की धोका, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले होते. अशा वेळी तोंडात पाणी वा सरबत ओतायचे नसते. शुद्ध हरपत चाललेल्या जिवाच्या ते श्वासनलिकेत जाते. मध किंवा साखरेचा दाट पाक बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचा असतो. देवघरातली पंचामृताची मधाची बाटली मातोश्रींनी स्वतः आणून दिली. आमचे कुटुंब त्याचे डोके धरून बसले, आम्ही हिरड्यांना मध चोळीत राहिलो. गोडी न कळणाऱ्या त्या जिभेवर मध पडत होता आणि आम्ही घड्याळ पाहत होतो. दहा मिनिटांनी त्याने जीभ बाहेर काढून ओठ चाटले. वीस मिनिटांनी मान वर झाली. मग खालांच्या डब्यातले उरलेले चार घास त्याने खाल्ले. दर अर्ध्या तासाने थेंब घेत आम्ही पहाटे तीनपर्यंत जागलो, कारण मधाचा अंमल लवकर सरतो आणि इन्शुलिनचा सरत नाही. झटके आले असते, किंवा मधाने तो सावरला नसता, तर तत्काळ दवाखाना गाठणे हाच उपाय होता.

सकाळी डॉक्टरांनी वही चाळली आणि आम्हांला अनपेक्षित असे काही सांगितले. डोस तोच, अन्न तेच आणि साखर मात्र आठवडाभर उतरतीच, याचा अर्थ बोक्याचे स्वादुपिंड जागे झाले आहे. आता त्याला बाहेरून द्यायचे ते जास्त होऊ लागले. डोस अर्धा झाला. मार्गशीर्षात दिवसातून एकदा अर्धा युनिट राहिला. पौषात तोही बंद झाला. आज सहा आठवडे नवाब सुईवाचून आहे. टाचा उचलून चवड्यांवर चालतो आणि भिंतीवर एका उडीत चढतो. डॉक्टर 'बरा झाला' असे म्हणत नाहीत. रोग विसावला आहे, म्हणतात; भाताशी पुन्हा गाठ पडली, वजन वाढले किंवा दुसऱ्या दुखण्यासाठी स्टिरॉइड दिले गेले, तर तो परत येऊ शकतो. म्हणून डबा चालू आहे, आठवड्यातून एकदा कानाचा थेंब चालू आहे, आणि दर पंधरवड्याला आम्ही आधी एकटे व मग बोक्याला घेऊन काट्यावर उभे राहतो आणि वजाबाकी करतो.

फाल्गुनात नांदेडला भाचीचे लग्न आहे. गेल्या आठ महिन्यांत घर सोडून तिघेही एकदम कोठे गेलो नव्हतो. खालांच्या नातीने कानाचा थेंब घेणे शिकून घेतले आहे. वही तिच्या हवाली केली, पहिल्या पानावर डॉक्टरांचा नंबर उर्दूत लिहून दिला. काचीगुड्याहून रात्रीच्या गाडीची तिकिटे काढली आहेत. मातोश्रींनी एवढेच बजावले आहे, की मधाची बाटली देवघरातून काढून भिंतीलगतच्या खिडकीत, पोरीच्या हाताला येईल अशी ठेवून निघा.